पुलापलीकडचं जावळ

ताई,

आधी माफी मागते. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, कोंबडी मातीतून चालत गेल्यासारखं. ऱ्हस्व-दीर्घ चौथीतच सुटलं आणि नंतर कुणी धरून दिलं नाही. तुम्ही माझ्या किराण्याच्या चिठ्ठीवरही लाल पेनानं खुणा करायच्या. आता खुणा करायला कोणी नाही, तेव्हा चुका होतील तिथं राहतील. हे कुणाला दाखवायचं नाहीच. पण बोलायचं राहिलं आहे आणि दुसरीकडे कुठं बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

तुमच्या शोकसभेला मी आले होते. शेवटच्या रांगेत माझ्या लेकीच्या, रेखाच्या शेजारी बसले. काळ्या कोटातली मोठी माणसं उठून बोलत होती. कुणी तुम्हाला लढवय्या म्हणालं, कुणी दीपस्तंभ. मला वाटलं, एकानं तरी सांगावं की ताईंना पोळी लाटता येत नव्हती, आणि अशील दाराबाहेर गेला की त्या खुर्चीत डोळे मिटून बसायच्या, दिवसभर दगड फोडल्यासारख्या. मग एका साहेबांनी विचारलं, अजून कुणाला बोलायचं आहे का. रेखानं मला कोपरानं ढोसलं. मी मान खाली घातली. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. तो फक्त तुमच्या स्वयंपाकघरात निघायचा.

आता मी दुसऱ्या घरी पोळ्या करते, पुंडलिकनगरातच, तुमच्यापासून तीन गल्ल्या पुढं. माणसं चांगली आहेत. पगार वेळेवर देतात. पण तिथं माझ्याशी कुणी भांडत नाही. मी कणीक मळते, पोळ्या लाटते, डबे झाकते आणि निघते. कामाचा शीण एवढा कधी जाणवला नव्हता.

आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे, ताई.

संतोषच्या नावानं नोटीस आली, त्या दिवशी मी ती पदरात गुंडाळून तुमच्याकडे आणली होती. तुम्ही कोर्टात जायच्या घाईत होता, ओट्याला टेकून उभ्यानंच वाचलीत. माझा मुलगा कसा आहे हे मी तुमच्यापासून कधी लपवलं नाही. रिक्षा चालवायचा आणि हात पटकन उचलायचा. गल्लीत दोन मारामाऱ्या झाल्या होत्या. एकीतून कोर्टानं सोडला होता, दुसरीच्या तारखा चालू होत्या. शिवाय दुकानादुकानांत जाऊन उसने म्हणून पैसे घ्यायचा आणि परत करायचा नाही. मी बोलले की ओरडायचा. बाप गेलेला, माझं बोलणं भिंतीशी बोलल्यासारखं.

पोलिसांनी त्याला दोन वर्षं तडीपार करायचं ठरवलं होतं. म्हणजे जिल्ह्याबाहेर काढायचं, विचारल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. कागदात दोन जबाब होते, पण बोलणाऱ्यांची नावं नव्हती. एक होता साक्षीदार 'अ' आणि दुसरा 'ब'. ह्या माणसाच्या भीतीनं कुणी उघड बोलायला तयार नाही, म्हणून नावं गुप्त, असं लिहिलं होतं. तुम्ही 'अ' चा जबाब मोठ्यानं वाचलात. धंद्याच्या जागी येऊन गल्ल्यातले पैसे घेतले, परत मागितले तेव्हा दुकान बंद पाडीन म्हणाला.

मी लगेच ओळखलं. आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्या वहिनी. मी तोंड उघडलं आणि तुम्ही हात वर केलात.

"नाव घेऊ नका, गयाबाई. मला ते माहीत करून घ्यायचं नाही आणि तुम्हीही विसरून जा."

मी म्हणाले, मी त्यांचे पैसे आजच्या आज नेऊन देते. साठवलेले आहेत. तुम्ही नको म्हणालात. म्हणालात की आता गेलात तर पोलीस म्हणतील साक्षीदार फोडला, आणि ती बाई तर घाबरेलच, तुम्ही कितीही चांगल्या मनानं गेलात तरी. प्रकरण संपेपर्यंत पैसे थांबतील.

मला हे लई विचित्र वाटलं होतं. ज्याचं घेतलं त्याला परत द्यायलाही कायदा आडवा येतो. त्या दिवसापासून गिरणीसमोरून जाताना मी पलीकडच्या बाजूनं जायची.

नोटिशीला तुम्ही उत्तर दिलंत, तरी आदेश निघाला. एका दुपारी पोलीस आले, संतोषला गाडीत बसवलं आणि हद्दीबाहेर नेऊन सोडलं. तो चाकणला गेला, एका कंपनीत माल उतरवायच्या कामाला लागला. तुम्ही खंडपीठात अर्ज टाकलात. फी विचारली तर म्हणालात, दोन वेळच्या पोळ्या करता त्या काय फुकट करता का? पोळ्यांचे पैसे तर तुम्ही देतच होता.

आता तुम्हाला न सांगितलेलं सांगते. तो गेल्यावर मला झोप लागायला लागली. संध्याकाळी रिक्षाचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून दाराकडे बघायची, ते बंद झालं. शेजारच्या बायका माझ्याशी पहिल्यासारख्या बोलायला लागल्या. गिरणीवाल्या वहिनींनी एकदा लांबून मान हलवली. मी आई आहे, तो उपाशी आहे का, कुठं झोपतो, हे सगळं मनात असायचंच. पण घर शांत होतं. तुम्ही माझ्या मुलासाठी खंडपीठाचे जिने चढत होता आणि मी शांत घरात झोपत होते. हे तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगणार होते मी?

सांगितलं नाही, पण भांडले. मी म्हणायची, सरकारनं काय वाईट केलं? त्रास देणाऱ्याला लांब नेऊन ठेवला. तुम्ही म्हणायच्या, गुन्हा केला असेल तर खटला चालवा, पुरावा आणा, शिक्षा द्या. नुसत्या संशयावर माणसाला त्याच्या घरातून उचलून बाहेर टाकायचं असेल तर सरकारला फार जपून वागावं लागतं. देशात कुठंही फिरायचा, कुठंही राहायचा हक्क घटनेत लिहिलेला आहे, एकोणिसाव्या कलमात, आणि तो फक्त चांगल्या माणसांसाठी लिहिलेला नाही. सरकारला तो आखडता येतो, पण गरजेपुरता. गरजेपुरता म्हणजे किती, हे मला कळेना, तेव्हा तुम्ही नळ दाखवलात.

"तुमच्या घरचा नळ गळतोय म्हणून महापालिकेनं तीन वॉर्डांचं पाणी तोडलं तर चालेल का?"

"तोडतात की," मी म्हणाले. "आठवड्यानं येतंय, तेबी कमीच."

तुम्ही इतक्या हसलात की चहा सांडला. मग म्हणालात, गयाबाई, तुम्ही माझी केस बुडवणार.

बुडवलीच होती जवळपास.

रेखाचं बाळ वर्षाचं व्हायला आलं होतं. त्याचं जावळ काढायचं होतं, आणि जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसवायचं असतं. मामा एकच, तो तडीपार. रेखाची सासू रोज टोचायची. म्हणायची, मामा बाहेर काढलाय म्हणून लेकराचे केस काय कमरेपर्यंत वाढवायचे का? मग रेखानं आणि मी मार्ग काढला. आपला जिल्हा गोदावरीच्या पुलावर संपतो. पलीकडे प्रवरासंगम, तो नगर जिल्हा. संतोष चाकणहून तिकडून तिकडेच येईल, पूल ओलांडणार नाही. आपण पलीकडे जाऊ. देवाचं ठिकाण आहे, नदी आहे, तिथं जावळ करू.

तुम्हाला विचारलं नाही. परवानगी काढायची असते हे आम्हाला ठाऊक होतं, पण आमच्या समजुतीनं परवानगी घरी यायला लागते, पुलापलीकडे बसायला कशाला लागेल? गल्लीत सगळेच म्हणतात, तडीपार म्हणजे जिल्ह्याबाहेर. आदेशाचं दुसरं पान आम्ही कुणी नीट वाचलंच नव्हतं. आणि रेखानं आदल्या दिवशी मोबाईलवर स्टेटस ठेवलं, उद्या बाळाचं जावळ, प्रवरासंगम, मामा येणार. सगळ्या गल्लीनं ते पाहिलं.

घाटावर संतोष मांडी घालून बसला. अंगात नवा शर्ट होता. बाळ त्याला ओळखत नव्हतं, आधी रडलं, मग त्याचं बटण धरून गप्प झालं. न्हाव्यानं अर्धं डोकं केलं असेल नसेल, तोच वरून चार पोलीस उतरले. साहेबांनी संतोषचं नाव विचारलं आणि म्हणाले, चल उठ. न्हावी वस्तरा वर धरून तसाच थांबला. रेखा रडायला लागली. मी संतोषकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा हात उचलतो आणि सगळंच संपतं. पण त्याच्या दोन्ही हातांत बाळाचं डोकं होतं.

त्यांच्यातला एक वयानं मोठा हवालदार होता. तो साहेबांना हळूच म्हणाला, "होऊ द्या साहेब पुरं. अर्ध्या डोक्याचं लेकरू कसं न्यावं घरी?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. न्हाव्यानं वस्तरा पुन्हा टेकवला. संतोषनं बाळाचं डोकं एवढंसंही हलू दिलं नाही. चार पोलीस भोवती उभे राहिले आणि जावळ पुरं झालं. मग त्यानं बाळ रेखाकडे दिलं, शर्टावरचे केस झटकले आणि गाडीत जाऊन बसला.

मी तशीच तुमच्याकडे आले. तुम्ही मला एवढं बोललात की मी दाराशीच बसले. अक्कल गहाण ठेवली का, एक फोन करता येत नव्हता का, तारीख तोंडावर आली आणि तुम्ही आरोपीला घाटावर नेऊन बसवलंत. बोलता बोलता मध्येच थांबलात.

"पकडलं नेमकं कुठं? पुलाच्या अलीकडे का पलीकडे?"

"पलीकडं. नगरच्या बाजूला."

तुम्ही कपाटातून आदेश काढलात आणि दुसरं पान वाचलंत. तिथं तीन जिल्हे होते. आपला, जालना आणि नगर. तुम्हीही आधी ते वाचलेलं असणारच, पण त्या दिवशी तुम्ही त्या ओळीवर बोट ठेवून कितीतरी वेळ बसलात. मग स्वतःशीच म्हणालात, "ह्याचं भांडण एका गल्लीत. अख्खा नगर जिल्हा कशाला टाकला ह्यांनी?" आणि मला म्हणालात, उठा, चहा टाका, तुमच्या मूर्खपणाचा उपयोग होईल असं दिसतंय.

सुनावणीला मी आले होते. जालना रोडवरची ती मोठी इमारत. सगळं इंग्रजीत चाललं होतं. मला फक्त तुमचा आवाज कळत होता. घरात तुम्ही केवढ्यानं बोलायच्या, आणि तिथं किती हळू. मधेच न्यायाधीश हसल्यासारखे वाटले. नंतर बाहेरच्या बाकावर बसून तुम्ही मला सांगितलंत. पोलिसांनी अटकेच्या वेळी जो पंचनामा केला, त्यात त्यांनीच लिहिलं होतं की हा इसम लहान मुलाला मांडीवर घेऊन नदीकाठी बसलेला मिळून आला. ते वाचून दाखवून तुम्ही विचारलंत, ह्या माणसानं ह्या काठावर बसल्यानं संभाजीनगरच्या त्या गल्लीला कुठला धोका होता? सरकारी वकील म्हणाले, शेजारच्या जिल्ह्यातून तो सहज ये-जा करेल म्हणून. न्यायाधीशांनी विचारलं, हे आदेशात कुठं लिहिलं आहे? लिहिलेलं नव्हतं. तुम्ही मला समजावलंत की सरकार एखाद्याचा हक्क आखडतं तेव्हा कारण आधी लिहावं लागतं. कोर्टात उभं राहिल्यावर सुचलेलं कारण चालत नाही. जबाबही मोघम होते, कधी, कुठं, काहीच धड नाही, उत्तर तरी कशाचं द्यायचं. आदेश रद्द झाला. घाटावरचा खटलाही पुढं मिटला.

मी गुलमंडीवरून पेढे आणले. तुम्ही साखर आहे म्हणून अर्धाच खाल्लात. आणि त्या आनंदाच्या दिवशी मी ते भांडण काढलं. अजूनही वाटतं, दुसऱ्या दिवशी काढलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणाले, तो सुटला, पण त्या बाईचं काय? तुम्ही नेहमीचं सांगितलंत, तक्रार करावी, पोलिसांनी संरक्षण द्यावं, खटला उभा करावा.

"बाई कोर्टात येणार नाय, ताई."

"का येणार नाही?"

"तिथं तुम्हीच उभ्या राहाल संतोषकडून. तिला प्रश्न विचारून विचारून रडवाल."

तुम्ही पेढ्याचा कागद घडी करत होता. घडी करून झाली, पुन्हा उलगडलीत.

"रडवीन," तुम्ही म्हणालात. "माझं काम आहे ते." आणि कागद खाली ठेवून म्हणालात, "ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही, गयाबाई. माझ्याकडे असतं तर मी एवढी थकले नसते."

तेवढंच. पुढं दुखणं सुरू झालं. दवाखान्यात मी डबा घेऊन यायची तेव्हा तुम्ही भाजीत मीठ कमी आहे एवढंच म्हणायच्या, आणि मी डॉक्टरांनी सांगितलंय म्हणायची. तुमच्या पायावर हात ठेवून बसायची आणि मनात शंभर गोष्टी यायच्या. एकही बाहेर पडली नाही.

मी पुष्कळ विचार केला, ताई. तुम्ही माझ्या मुलासाठी भांडत नाही, कागदासाठी भांडता, असं मला तेव्हा वाटायचं आणि थोडा रागही यायचा. संतोष चांगला आहे असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. न्यायाधीशांसमोरही नाही. आता वाटतं, तेच बरं होतं. तो चांगला आहे म्हणणारी मी एकटी पुरे होते, आणि तेही मी खोटंच म्हणायची. तुम्ही तो कसाही असला तरी ह्या रीतीनं वागा, एवढंच सरकारला सांगितलंत. उद्या गिरणीवाल्या वहिनींच्या दारात असाच कागद आला असता तर तुम्ही त्यांच्याकडूनही असंच भांडला असता. हे मला पटलं आहे. पण त्या रात्रंदिवस भीत होत्या त्याचं उत्तर त्या कागदात नव्हतं, हेही खरं आहे, आणि ते तुम्हालाही माहीत होतं. दोन्ही खरं असल्यावर माणसानं काय करायचं, हे विचारायला तुम्ही हव्या होतात.

आदेश रद्द झाल्यावर तुम्ही संतोषला बोलावलंत ते तुम्हाला आठवत असेल. मी आत भांडी पुसत ऐकत होते. तुम्ही त्याला खुर्ची दिली नाहीत. म्हणालात, "तू सुटलास म्हणजे चांगला ठरलास असं समजू नको. कोर्टानं सरकारला नीट वाग म्हणून सांगितलंय. तुला कुणी काही सांगितलेलं नाही. ते तुझं तू बघ." तो मान खाली घालून गेला. मी विचारलं, आता वहिनींचे पैसे देऊ का? तुम्ही म्हणालात, आता हरकत नाही, पण त्यानं द्यावेत, त्याच्या कमाईतून. तुम्ही दिलेत तर ती तुमची माफी होईल.

मी तसंच केलं. पहिल्या वेळी मी त्याच्याबरोबर गिरणीत गेले. तो आत शिरला तशा वहिनी पीठ लागलेले हात घेऊन मागं मागं जात चक्कीच्या आडोशाला गेल्या. मी ते पाहिलं, ताई. इतकी वर्षं माझ्या कानावर येत होतं, पण एक बाई माझ्या मुलाला पाहून अशी मागं सरकताना मी कधी पाहिली नव्हती. संतोषनंही पाहिलं. त्यानं नोटा पिठाच्या डब्यावर ठेवल्या आणि निघाला. पुढच्या महिन्यातही मीच त्याला घेऊन गेले. तेव्हा तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

मग तुम्ही गेलात आणि माझ्यात त्राण राहिलं नाही. तेरा दिवस होऊन गेले, महिना उलटला, मी त्याला आठवण केली नाही. त्यानंही विषय काढला नाही. मला वाटलं, संपलं. धाक होता तोवर दिले. आता ना पोलीस, ना कोर्ट, ना ताई. तो सकाळी रिक्षा घेऊन जातो, रात्री येतो, जेवतो. ओरडणं कमी झालं आहे. गेलं आहे असं नाही म्हणणार.

काल दळण घेऊन गिरणीत गेले. हल्ली अलीकडच्या बाजूनंच जाते. वहिनी एकट्याच होत्या. त्यांनी गहू तोलले, चाळणी बाजूला ठेवली आणि मला म्हणाल्या, "संतोष आलता सकाळी. एकटाच."

मी विचारलं, कशाला?

"उरलेले द्यायला. हातात दिले माझ्या. मी इचारलं त्याला, पोलिसानं लावलं का आईनं? म्हणला, कुणीच नाय लावलं, आईला तर माहीतबी नाय."

मी म्हणाले, वहिनी, अजून काही राहिलं असेल तर सांगा. त्यांनी चक्कीचा पट्टा चढवला, बटणाला हात लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता त्याच्याकडं माझं काहीच नाय, गयाबाई. समदे फिटले."